तानपुरा पातळ का वाटतो?

पत्र थोडक्यात असं: घरात रंगकाम आणि फर्निचरचं काम निघालं आहे. दिवाणखान्यातल्या कपाटात साधारण २४० सीडी आहेत. ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं, अभंग, सगळं यजमानांनी पंचवीस वर्षांत एकेक करून जमवलेलं. मुलाचं म्हणणं, "आता सगळं फोनवर मिळतं, सीडी काढा, कपाट मोकळं होईल." त्याने ॲम्प्लिफायरला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडून दिला आणि फोनवर गाण्यांचं एक ॲप घालून दिलं, मोफत योजनेतलं. यजमान म्हणतात, "यात तानपुरा पातळ येतो, सीडीत कसा भरून येतो." मुलाला काहीच फरक कळत नाही. त्यातच सीडी प्लेअर हल्ली अडखळतो आणि दुरुस्तीवाल्याने 'लेन्स गेली, नवीनच घ्या' असं सांगून टाकलं आहे. पत्रलेखिकेचे प्रश्न तीन: हा फरक खरा की सवयीचा? सीडी ठेवायच्या की देऊन टाकायच्या? आणि नव्या प्लेअरवर पैसे घालावेत का?

नमस्कार.

तुमच्या यजमानांना फरक ऐकू येतो, हे खरं धरूनच पुढे जाऊ. पंचवीस वर्षं तेच तानपुरे त्याच स्पीकरवर ऐकलेल्या कानाला काही खटकलं, तर ते उगाच नसतं. पण खटकलं ते स्ट्रीमिंगच होतं का, हा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या घरात झालेल्या तुलनेत चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या: आवाजाची पातळी, मध्ये आलेलं ब्लूटूथ, मोफत योजनेचा दर्जा आणि बहुधा ध्वनिमुद्रणसुद्धा. यातली कुठली गोष्ट तानपुरा पातळ करते आहे, हे वेगळं काढल्याशिवाय सीडींचा निकाल लावू नका.

सर्वांत मोठा संशय आवाजाच्या पातळीवर आहे. सीडी प्लेअरच्या लाल-पांढऱ्या पिनांतून पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्टचा सिग्नल येतो. ब्लूटूथ रिसीव्हर किंवा फोनचं हेडफोन-डोंगल बरेचदा १ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी देतं. व्होल्टेज निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, ॲम्प्लिफायरचं बटण तिथेच असलं तरी. आणि आपल्या कानाचा स्वभाव असा, की एकूण आवाज उतरला की खर्ज मधल्या स्वरांपेक्षा जास्त मागे जातो. काळी एकला लावलेल्या पुरुषांच्या तानपुऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर असते, म्हणजे आवाज कमी झाल्यावर सर्वांत आधी हरवणाऱ्या भागात. 'भरून येत नाही' ही तक्रार नेमकी अशीच ऐकू येईल. फरक एखाद्या डेसिबलचाच असेल तर 'आवाज कमी आहे' असं कुणी म्हणतच नाही. 'दम नाही', 'जवळ वाटत नाही' असं म्हणतात.

त्यात ॲपचीही भर पडते. बहुतेक ॲप्स सगळी गाणी एका पातळीवर आणतात. स्पॉटिफायमध्ये ही पातळी मूळ सेटिंगला उणे १४ लुफ्स (आवाजाचा सरासरी जोर मोजायचं एकक) असते. यात गाण्याचा पोत बिघडत नाही, नुसती पातळी हलते. पण तुलना करताना तेवढंही पुरे होतं.

दुसरी गोष्ट ब्लूटूथची. मोफत योजनांमध्ये गाणं आधीच बऱ्यापैकी आवळलेलं असतं. स्पॉटिफायच्या मोफत योजनेत ते १६० केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १६० हजार बिटांच्या, वर जात नाही. फोन ते उलगडतो आणि ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी पुन्हा आवळतो. साध्या रिसीव्हरमध्ये हे काम एसबीसी नावाची पद्धत करते, तिची नेहमीची वरची मर्यादा ३२८ केबीपीएस. एकदा आवळलेल्या गाण्यातून पुन्हा एकदा काही काढून टाकलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं हे आहे. एलडॅक ही पद्धत ९९० केबीपीएसपर्यंत जाते खरी, पण ती फोन आणि रिसीव्हर दोघांतही असावी लागते. तुमच्या छोट्या रिसीव्हरच्या खोक्यावर तिचं नाव नसेल, तर ती नाही असंच समजा.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. एकाच गायकाचा एकच राग ॲपवर पाच-सहा वेळा सापडतो आणि ती पाच-सहा निरनिराळी गाणी असतात: एक स्टुडिओतलं, एक रेडिओचं, एक कुठल्यातरी मैफलीचं. यजमानांनी सीडीतला यमन आणि फोनवरचा यमन शेजारी ठेवून ऐकले असतील, तर ते दोन वेगळे तानपुरेही असू शकतात. म्हणून आधी कालावधी सेकंदापर्यंत जुळतो का बघा, मग प्रकाशकाचं नाव आणि वर्ष. हे सगळं जुळलं तरी नवी आवृत्ती 'रीमास्टर' केलेली असू शकते. जुन्या टेपची खरखर काढताना कुणी हात सैल सोडला असेल, तर खरखरीबरोबर जवारीचा, म्हणजे तारेच्या गुंजनाचा, वरचा झणत्कारही जातो आणि तानपुरा बोथट होतो. हा दोष स्ट्रीमिंगचा नाही. तीच आवृत्ती सीडीवर घेतली तरी तशीच वाजेल.

आणि एक गोष्ट तुमच्या कपाटातली. २४० पैकी काही 'एमपी-थ्री सीडी' आहेत का, तेवढं पाहा. '५० सदाबहार भावगीतं' अशा नावाने एकाच तबकडीवर चार-पाच तासांची गाणी दिलेल्या तबकड्या आपल्याकडे खूप खपल्या. खऱ्या ऑडिओ सीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटंच मावतात. त्याहून जास्त गाणी असतील किंवा संगणकात घातल्यावर एमपी-थ्री फायली दिसत असतील, तर ती तबकडी सीडीच्या दर्जाची नाही, चांगल्या स्ट्रीमिंगच्या तर नाहीच नाही. अशा तबकड्या बाजूला काढल्या की कपाट आपोआप थोडं मोकळं होईल.

आता आकड्यांचं थोडं. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, डावा-उजवा मिळून दोन: म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट, १,४११ केबीपीएस. हे प्रमाण १९८०च्या सुमाराला ठरलं आणि १९८२ साली पहिले प्लेअर बाजारात आले. त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर आणि सुमारे ९६ डेसिबलचा चढ-उतार बसतो. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेक कानांना १५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकूच येत नाही. म्हणून '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' अशा पाट्यांसाठी जास्त पैसे देऊ नका.

स्ट्रीमिंग दोन जातींचं असतं. 'लॉसलेस' म्हणजे साडी घडी घालून ठेवावी तसं: उलगडली की एक धागाही कमी नाही. ॲपल म्युझिकमध्ये हे जून २०२१पासून वेगळे पैसे न घेता मिळतं. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५मध्ये ते आणलं, २४ बिट ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत, भारतातल्या कुठल्या योजनेत आहे ते सदस्यत्व घेताना पाहून घ्या, कारण योजना बदलत असतात. दुसरी जात 'लॉसी', म्हणजे कानाला इतर आवाजाआड जे ऐकू येणार नाही असं वाटतं ते काढून टाकणारी. इथे सगळं प्रमाणावर अवलंबून आहे. १२८ केबीपीएसला टाळ, चिपळ्या आणि घुंगरू उघडे पडतात. ही पद्धत आवाजाचे छोटे तुकडे करून काम करते; टाळाचा ठोका तुकड्याच्या मध्येच आला, तर त्याचा गोंधळ तुकडाभर पसरतो आणि ठोक्याच्या आधीच बारीक 'छस्स' ऐकू येतं. मैफलीच्या शेवटच्या टाळ्याही अशाच पाण्यात बुडाल्यासारख्या होतात. ३२० केबीपीएसला मात्र हे जवळजवळ नाहीसं होतं. पातळी नीट जुळवून, डोळे झाकून ऐकवलं तर ३२० आणि सीडी यांतला फरक बहुतेकांना सांगता येत नाही, चांगल्या तयारीच्या कानांनाही फार थोड्या ठिकाणी सांगता येतो. लॉसलेस आणि सीडी यांत, ध्वनिमुद्रण तेच असेल तर, सांगण्यासारखं काही उरतच नाही, कारण बिट तेच असतात.

हे माझ्या शब्दावर विसंबून मान्य करू नका. घरीच तपासा. तपासणी दोन भागांत करा, नाहीतर पुन्हा सगळं एकमेकांत मिसळेल.

पहिला भाग आवळण्याचा. यजमानांची आवडती, बिनओरखड्याची सीडी घ्या. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या, पुढे तो लागणारच आहे. सीडीतला एक ट्रॅक फ्लॅक, म्हणजे लॉसलेस, फाइल म्हणून उतरवा आणि त्याच फाइलपासून दुसरी, ३२० केबीपीएसची बनवा. विंडोजवर फूबार२००० हा मोफत प्लेअर आणि त्याची एबीएक्स नावाची जोड घाला. तो दोन्ही फायली नाव न सांगता वाजवतो आणि 'ही कुठली' असं विचारतो. सोळा फेऱ्या करा. सोळापैकी किमान बारा बरोबर आल्या, तर नुसत्या अंदाजाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे, म्हणजे फरक ऐकू येतो असं धरायला हरकत नाही. आठ-नऊ आल्या तर तो नाणेफेकीचा निकाल. तुकडा पंधरा-वीस सेकंदांचाच घ्या. कानाची आठवण फार छोटी असते, आख्खा विलंबित ख्याल ऐकून मग दुसरा लावला तर तुलना होत नाही. तुकडे असे निवडा: सुरुवातीचा नुसता तानपुरा, द्रुतातली तबल्याची चाट, अभंगातला टाळ, शेवटच्या टाळ्या.

दुसरा भाग यंत्रांचा: सीडी प्लेअर आणि फोन. इथे पातळी हाताने जुळवावी लागते. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये १०० हर्ट्झचा एकसुरी आवाज एक मिनिटाचा तयार करा, उंची ०.३ ठेवा. तो कोऱ्या सीडीवर ऑडिओ सीडी म्हणून लिहा आणि तीच फाइल फोनमध्येही टाका. स्पीकरच्या मागच्या लाल-काळ्या टर्मिनलवर मल्टीमीटर एसीवर लावा. स्वस्तातल्या पिवळ्या मल्टीमीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची असते आणि तो ०.१च्या पायरीने मोजतो, त्याचा इथे उपयोग नाही. २ किंवा २० व्होल्टची एसी रेंज असलेला हवा. दोन्ही काड्या एकमेकींना चिकटू देऊ नका, ॲम्प्लिफायरचं आउटपुट शॉर्ट होईल. सीडी वाजवून मीटरवर १.०० व्होल्ट येईल इतका आवाज ठेवा आणि बटणावर पेन्सिलने खूण करा. मग फोन लावा, फोनचा आवाज पूर्ण वर न्या आणि पुन्हा १.०० येईपर्यंत ॲम्प्लिफायरचं बटण फिरवून दुसरी खूण करा. १.०० आणि १.०१ मधला फरक ०.१ डेसिबलहून कमी, तेवढा चालतो. १०० हर्ट्झ एवढ्याचसाठी, की साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर खोटं बोलू लागतात.

आता सीडीवरून उतरवलेली तीच फ्लॅक फाइल फोनवरून आणि सीडी प्लेअरवरून आलटून पालटून वाजवा. बदलणारा माणूस यजमानांच्या पाठीमागे असावा आणि कुठलं लावायचं ते दर वेळी नाणं उडवून ठरवावं. मुलाला हे काम द्या. नंतर भूमिका बदला, मुलाने ऐकावं. मल्टीमीटर नसेल तर दुसऱ्या एखाद्या फोनवरच्या आवाजमापक ॲपने, फोन एकाच जागी टेकवून ठेवून, एक डेसिबलपर्यंत जुळवता येईल. ते पुरेसं अचूक नाही, पण ६ डेसिबलची चूक तरी पकडली जाते.

ब्लूटूथ काढून फोन वायरने जोडलात, की यजमानांच्या तक्रारीचा बराच भाग जाईल असं मला वाटतं. फोनच्या यूएसबी-सी पिनेला बसणारं डोंगल, त्यातून ३.५ मिमी ते लाल-पांढरी वायर आणि ॲम्प्लिफायरचं ऑक्स किंवा सीडी इनपुट. फोनो लिहिलेल्या भोकात चुकूनही नाही: ते रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतं, आवाज फाटेल. लॅपटॉपवरून जोडताना 'घूं' असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. थांबला, तर तो अर्थिंगचा फेरा आहे, आणि ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर ऑप्टिकल केबलने सुटतो. फोन दिवसभर अडकून पडायला नको असेल, तर वाय-फायवर स्वतःच गाणं ओढणारा स्ट्रीमर घ्या. त्यात फोन नुसता रिमोटसारखा राहतो आणि मध्येच फोन आला तरी मारवा तुटत नाही.

सेटिंग्ज एकदाच नीट लावा. दर्जा 'ऑटो'वर ठेवू नका. वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड या तिन्हींचे दर्जे वेगवेगळे असतात, तिन्ही तपासा. ॲपल म्युझिकमध्ये लॉसलेस मुळात बंद असतं, ते सुरू करावं लागतं, आणि डॉल्बी ॲटमॉस 'ऑटोमॅटिक' असेल तर ते बंद करा, कारण ॲटमॉसमध्ये तुम्हाला त्या गाण्याचं वेगळंच मिश्रण ऐकू येतं. क्रॉसफेड बंद, नाहीतर एका ट्रॅकचं विलंबित संपताना पुढच्या ट्रॅकचं द्रुत त्यावर चढतं. काही अँड्रॉइड फोनांत डॉल्बी किंवा 'साउंड इफेक्ट' कारखान्यातूनच चालू येतो, तोही बंद. डेटाचा हिशेब: ३२० केबीपीएसला तासाला सुमारे १४४ एमबी, लॉसलेसला साधारण ३०० ते ४०० एमबी. घरच्या वाय-फायला हे काहीच नाही.

एवढं सगळं करून आवाज सारखा आला, तरी सीडी देऊन टाकाव्यात असं त्यातून निघत नाही. तुमच्या पत्रात 'आवाज सारखा असेल तर सीडींची गरज काय' असं एक वाक्य आहे. गरज आवाजाची नाही, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची आहे. हिंदी-मराठी चित्रपटगीतं ॲपवर मुबलक आहेत. पण शास्त्रीय संगीतात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या छोट्या प्रकाशकांनी काढलेली कितीतरी ध्वनिमुद्रणं, लहान गावांच्या संगीत मंडळांनी काढलेल्या तबकड्या, एखाद्या गायकाच्या षष्ट्यब्दीला मोजक्या प्रती काढलेली सीडी, यांचा ॲपवर भरवसा नसतो. आज असलेलं उद्या हक्कांच्या करारामुळे दिसेनासंही होतं. शिवाय ॲपवर 'लॉसलेस'ची खूण फक्त फाइलची जात सांगते. कुणी जुन्या कॅसेटवरून किंवा एमपी-थ्रीवरून उतरवून चढवलेलं असेल, तरी ती खूण दिसतेच.

म्हणून २४० तबकड्यांची यादी करा आणि प्रत्येक ॲपवर शोधा. रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगांनी, मग देवनागरीत. कालावधी जुळला तरच 'मिळाली' म्हणा. यादीचे तीन गट होतील. मिळालेल्या आणि यजमानांना जिव्हाळा नसलेल्या तबकड्या खुशाल द्या, शक्यतो गाणं शिकणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा संगीत विद्यालयाच्या ग्रंथालयाला. न मिळालेल्या एकही देऊ नका. मिळालेल्या पण आवडत्या, त्यांचं यजमानांनी ठरवावं. त्यावर मुलाचं मत घ्यायची गरज नाही.

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेल्या संकलनांना वेगळं माप लावा. त्या मुद्रणांत ८ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच, त्यामुळे १,४११ की ३२० हा प्रश्न तिथे गौण आहे. खरखर काढणाऱ्याने गळा शिल्लक ठेवला का, एवढंच दोन्हीकडे ऐका आणि जे जिवंत वाटेल ते ठेवा.

आता प्लेअर. 'लेन्स गेली' हे निदान फार लवकर केलं जातं. आधी पाहा: सगळ्या तबकड्या अडखळतात की ठरावीकच? ठरावीक असतील तर दोष तबकडीचा. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं ते मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत, कधीही गोल नाही. सीडीची त्रुटी-दुरुस्ती सलग सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची खोट भरून काढते. मधून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा तिला झेपतो. गोल पुसल्याने रेघेच्या दिशेने पडलेला लांब ओरखडा झेपत नाही. आणि जास्त जपायची ती छापील बाजू. खालच्या बाजूला १.२ मिमी पॉलिकार्बोनेट आहे, पण वरच्या छपाईखाली पातळ लाखेआड लगेच ॲल्युमिनियमचा थर असतो. तिथे ओरखडा गेला की गाणं कायमचं गेलं.

सगळ्याच अडखळत असतील तर भिंगावर धूळ किंवा पावसाळ्यातली बुरशी बसली असण्याची शक्यता मोठी. प्लग काढून, झाकण उघडून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी नुसती ओलावून, भिंग स्प्रिंगवर तरंगतं आहे हे ध्यानात ठेवून हलक्या हाताने पुसा. चालू प्लेअरच्या भिंगात डोकावू नका, तो लेझर डोळ्यांना दिसत नाही. फक्त शेवटचे ट्रॅक अडखळतात का? सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणजे भिंग ज्या दांडीवर सरकतं तिचं ग्रीस वाळलं असेल. ट्रे अर्धवट उघडत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झाला आहे, तो अगदी स्वस्त असतो. हे सगळं करून जमलं नाही, तर पिकअपवरचा, म्हणजे भिंग आणि लेझर असलेल्या भागावरचा, क्रमांक, उदाहरणार्थ केएसएस-२१३, वाचून त्याच क्रमांकाचा सुटा भाग मागवता येतो. मात्र पिकअपवरचा छोटा स्क्रू फिरवून लेझरचा जोर वाढवू देऊ नका. महिनाभर छान चालतं आणि मग लेझर कायमचा जातो.

नव्या प्लेअरची घाई नको. कुणाकडे जुना डीव्हीडी प्लेअर पडून असेल आणि त्याला कोॲक्सियल किंवा ऑप्टिकल आउटपुट असेल, तर तोही बाहेरच्या डॅकला (डिजिटल सिग्नलचा ॲम्प्लिफायरला चालणारा सिग्नल करणाऱ्या डबीला) जोडून सीडी उत्तम वाजवतो.

आणि न मिळालेल्या गटातल्या तबकड्या उतरवून ठेवा, प्लेअर दुरुस्त झाला तरी. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. हे प्रोग्रॅम तुमची नक्कल इतरांच्या नकलेशी ताडून पाहतात, पण मराठी तबकड्या त्या यादीत बरेचदा नसतात. तेव्हा 'टेस्ट अँड कॉपी' निवडा: ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचा सीआरसी हा पडताळणीचा आकडा सारखा आला की नक्कल पक्की. एका सीडीच्या फ्लॅक फायली साधारण ३५० ते ४५० एमबी, म्हणजे सगळ्या २४० उतरवल्या तरी १०० जीबीच्या आसपास. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक मुलाच्या घरी. ज्यांच्या नकला ठेवाल त्या मूळ तबकड्या विकू नका, विकत घेतलेला हक्क तबकडीबरोबर जातो. घरी लिहिलेल्या सीडी-आर असतील तर त्या पहिल्या घ्या, त्यांचा रंगाचा थर सर्वांत आधी विरतो. जाड दुहेरी डब्यांत स्पंज असेल तर तो काढून फेका. वर्षांनी तो विरघळून छपाईला चिकटतो.

घराचं काम चालूच आहे तर सुताराला दोन गोष्टी आजच सांगा. स्पीकरसाठी बंदिस्त खण करू नका, त्यात डग्ग्याची घुमक नुसती घुमते आणि बोल कळत नाहीत. भिंतीपासून फूटभर पुढे, वरचा छोटा स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे उघडे स्टँड ठेवा. स्पीकरची वायर भिंतीतून न्यायची असेल तर विजेच्या वायरींपासून वेगळ्या नळीतून, आणि त्याच ठिकाणी इंटरनेटच्या केबलचा एक पॉइंट काढून घ्या. फरशी आणि सिमेंटच्या भिंतींच्या खोलीत एक जाड पडदा आणि एक सतरंजी जितका फरक पाडतात, तितका १,४११ आणि ३२० मधला आकड्यांचा फरक पाडत नाही.

तबकड्या उतरवताना वेळ खाणारं काम टायपिंगचं आहे. रोज तीन सीडी धरल्या तरी सगळ्यांना अडीच-तीन महिने लागतील. गायक, राग, बंदिशीचे पहिले शब्द, ताल, तबला-पेटीची साथ, तानपुऱ्यावर कोण, मैफल कुठली, असे रकाने आधीच ठरवा आणि सगळ्या सीडींना तेच वापरा. बुकलेट ३०० डीपीआयला स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. बऱ्याच बुकलेटांवर साथीदारांची नावं छापलेली नसतात. ती यजमानांना ठाऊक असतील, तर त्यांनी सांगावीत आणि मुलाने टाइप करून घ्यावीत, सीडी वाजत असतानाच.